पिशवीतली बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्या दिवसाची अर्धी गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक आहे — लॉकडाऊनमध्ये चित्रकलेचे गुरुजी भर उन्हात पायी जाणाऱ्यांच्या मागे पाण्याची कॅन घेऊन गेले. शाळेत सत्कार झाला तोही त्यावरूनच. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि उरलेली अर्धी गोष्ट — ती गिळून बसलो.

तेव्हा आम्हा शिक्षकांची तुमसरच्या नाक्यावर ड्यूटी लागायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची, बस्स. गळ्यात ओळखपत्र, त्यामुळे पोलीस मला हटकत नसत. ड्यूटी संपली की घरी जायचं सोडून मी बपेऱ्याच्या रस्त्यावर, बंद राइस मिलसमोरच्या कडुनिंबाखाली चित्राचा बोर्ड मांडीवर घेऊन बसायचो. इतकी वर्षं धानाच्या ट्रकांपुढे तिथे उभं राहायची सोय नव्हती. आता रस्ता अख्खा माझा. लाज वाटते सांगायला, पण लोक जीव मुठीत धरून घरात बसले होते आणि मी खूश होतो.

जलरंगाची एक खोड आहे. आकाश एका दमात उतरवावं लागतं. मे महिन्यात कागद बघता बघता सुकतो. मध्येच थांबलात तर डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. शिवाय पाणी लागतं स्वच्छ. ब्रश धुवायचा डबा गढूळ झाला होता. पिण्याच्या पाण्याची बाटली पिशवीत होती — अर्धीअधिक भरलेली.

आकाश निम्मं झालं आणि तो माणूस आला. डोक्यावर गाठोडं, पायांना फोड. बायको मागे दगडावर बसलेली. नागपूरहून चालत निघाले होते, बपेऱ्याजवळच्या गावी जायचं होतं. त्याने पाणी मागितलं. स्वतःसाठी नाही — तिच्यासाठी.

मी म्हणालो, नाही. संपलं.

आणि गुडघ्याने पिशवी मागे सारली. रोगाची भीती वाटली असं म्हणालो असतो तर तुम्हीही समजून घेतलं असतं, नाही का? पण भीती नव्हतीच. कागद सुकत होता, एवढंच. त्याने एकदा त्या गढूळ डब्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बायकोला उठवून तो पुढे गेला.

आकाश झालं. मग मी बाटली तोंडाला लावली — आणि न पिताच खाली ठेवली. तसाच उठलो, घरी गेलो, कॅन भरली, स्कूटर काढली.

दीड-दोन किलोमीटरवर ती दोघं सापडली. उन्हाळी धानाच्या बांधीच्या, म्हणजे पाणी भरलेल्या शेताच्या, धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, बाई आडवी पडून ओकत होती. वाटेत दोन-तीन घरी पाणी मागितलं, कुणी दार उघडलं नव्हतं, असं त्याने सांगितलं. तेव्हा ती बांधीत साचलेलं पाणी ओंजळीने प्यायली. धानावर किडीचं औषध मारलेलं होतं. वास मला स्कूटरवरूनच आला. शेतात काम केलेल्या बाईला तो आला नसेल? आला असेल. तरी प्यायली. किती तहान असेल — तुम्हीच सांगा.

मी तिचं तोंड धुतलं, थोडं थोडं पाणी पाजलं. ते पोटात टिकेना. ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती यायला तासभर लागला. त्या तासात मी काय केलं? तिच्यावर सावली पडेल असा उभा राहिलो. दुसरं काही सुचलं नाही. नाक्यावर लोकांची नावं लिहिणारा मी, त्या दोघांचं नावही विचारलं नाही. ती वाचली की नाही, मला माहीत नाही. दवाखान्यात जाऊन विचारता आलं असतं. मी गेलो नाही.

गाडीत चढण्याआधी त्याने माझे हात धरले. त्या दिवसांत कुणी कुणाला शिवत नव्हतं, पण त्याने धरले. म्हणाला, "गुरुजी, तुमच्यापाशी पानी रायतं त तुमी तवाच देल्लं असतं. मले मालूम आहे."

मी म्हणालो — हो, असतं तर दिलं असतं.