राहुरीची धावपट्टी आणि पोत्यांचा काटा

आबासाहेब पोत्यांच्या काट्यावर उभे होते आणि काटेवाला आकडा बोलायला तयार नव्हता.

"सांग की रं," आबासाहेब म्हणाले.

"आबा, काटा जरा हललाय सकाळपास्नं."

काटा ठीक होता. मी काटेवाल्याच्या खांद्यावरून आकडा वाचला आणि खिशातल्या कागदावर टिपला. एप्रिलची दुपार होती. राहुरीजवळच्या साखर कारखान्याच्या माळावर मुरूम दाबून केलेली धावपट्टी, तिच्या कडेला आमचं दोन इंजिनांचं, आठ प्रवाशांचं विमान आणि भोवती सगळं गाव. आबासाहेब कारखान्याचे चेअरमन. गळ्यात झेंडूचा हार, डोक्याला नवा फेटा. एवढ्या लोकांसमोर त्यांना साखरेच्या पोत्यासारखं तोलणारा मी, त्या विमानाचा पायलट, कॅप्टन साठे.

ही वेळ का आली ते सांगतो.

एकाहत्तर सालची गोष्ट. त्या काळी ठरलेल्या वेळापत्रकाची विमानसेवा सरकारी कंपनीच चालवू शकत असे. आमची कंपनी लहान, खासगी. आमच्या परवान्याला 'नॉन-शेड्यूल्ड' म्हणत. म्हणजे जाहिरात करून टाइमटेबल छापायचं नाही, पण माणसं जमली तर न्यायची. हवेतली शेअर टॅक्सीच म्हणा ना. आमचे मालक फिरोजशेठ. पारशी माणूस, मनानं मोठा, घाईनं त्याहून मोठा. त्यांच्या डोक्यात आलं की मुंबई-औरंगाबाद जाताना मध्ये नगर जिल्ह्यात एक थांबा घ्यायचा आणि तिकीट असं ठेवायचं की बागायतदारालाही परवडावं. जेवण नाही, एअर होस्टेस नाही, प्यायला पाणी हवं तर घरून आणा.

थांबा कुठे घ्यायचा याची पाहणी मीच केली होती. मिरजगावकडे माळ सपाट होता, रस्ताही जवळ, पण रोज विमानात बसेल असं गिऱ्हाईक तिथे मला दिसलं नाही. राहुरीला कारखाना होता, नवं कृषी विद्यापीठ होतं, धरणाचं काम चालू होतं. इंजिनिअर, प्राध्यापक, कारखान्याची माणसं. शिवाय आबासाहेबांनी कारखान्याची जमीन धावपट्टीला दिली होती आणि वर रोलरही दिला होता. फिरोजशेठना आणखी एक आशा होती. मुंबईचे भाविक सकाळी येतील, शिंगणापूरला शनीचं दर्शन घेतील आणि दुपारी परत जातील. म्हणून फेरी ठरली ती अशी: सकाळी मुंबईहून निघायचं, राहुरी करून औरंगाबाद. दुपारी त्याच वाटेनं परत.

त्या दिवशी पहिलीच फेरी होती. सकाळी येताना काही अडचण आली नाही. दुपारी औरंगाबादहून दोन व्यापारी आणि फिरोजशेठ असे तिघे बसले होते. राहुरीला पाच जण चढणार होते: आबासाहेब, त्यांच्या पत्नी गयाबाई, विद्यापीठातले एक प्राध्यापक, धरणावरचे एक इंजिनिअर आणि कारखान्याचे एक संचालक. आठ खुर्च्या, आठ माणसं. कागदावर सगळं बरोबर.

मी उतरलो आणि मुरुमावर पाय ठेवला तेव्हा बुटाच्या तळव्यातून चटका लागला. तिथेच माझं मन खट्टू झालं. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनही दमल्यासारखं चालतं. मुंबईत समुद्राच्या पातळीवर जे विमान थोडं धावून उडतं, तेच विमान आपल्या या उंचावरच्या मुलखात, एप्रिलच्या दुपारी, कितीतरी लांब धावतं. आमची पट्टी कारखान्याच्या जमिनीएवढीच लांब होती. तिच्या टोकाला पाटाचा बांध होता आणि बांधावर बाभळी.

त्यातच सामान आलं. गुळाच्या ढेपा, कांद्याची दोन पोती, तुपाचा डबा. मी सगळं खाली ठेवायला सांगितलं आणि कारखान्यातून पोत्यांचा काटा मागवला. माणसांचं वजन अंदाजानं धरायची पद्धत असते. पण आबासाहेबांकडे बघून अंदाज धरायची माझी हिंमत झाली नाही.

सगळ्यांची वजनं घेतली, पंखाच्या सावलीत बसून बेरीज केली आणि फिरोजशेठना बाजूला बोलावलं.

"शेठ, सामान सोडूनही जड होतंय. दोन माणसं कमी करावी लागतील."

"मग तो प्रोफेसर आणि तो इंजिनिअर राहू देत. उद्या येतील."

"ते दोघे काडीसारखे आहेत. ते उतरून भागत नाही."

"पेट्रोल कमी कर."

"मुंबईत उतरता आलं नाही तर पुण्याला वळावं लागेल. तेवढं ठेवायलाच हवं."

"थोडं ऊन उतरू दे मग."

"उशीर केला तर जुहूला अंधार पडतो. तिथल्या पट्टीवर आपल्याला अंधारात उतरता येत नाही."

फिरोजशेठनी कपाळ पुसलं. "मग कोण उतरणार?"

मी आबासाहेबांकडे पाहिलं, मग शेठकडे. शेठही अंगानं भरलेले होते.

"साठे, तुझं डोकं फिरलं काय?" ते हळू आवाजात म्हणाले. "त्या माणसाच्या जमिनीवर उभं राहून त्यालाच खाली उतरवणार तू? उद्या इथे ऊस लावेल तो. आपला रूट गेला, रूटबरोबर कर्ज देणारे बँकवाले गेले, आणि तुझी नोकरी पण गेली समज. अरे, थोडं अ‍ॅडजस्ट कर ना."

"त्या बाभळी अ‍ॅडजस्ट होणार नाहीत, शेठ."

मी हे धीटपणानं म्हटलं खरं, पण नोकरीची काळजी होतीच. घरी दोन मुलं होती. पायलटला दुसरी नोकरी मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. तरी एक गोष्ट मला स्पष्ट होती. या वजनानं मी उडणार नव्हतो.

आबासाहेब तोवर विमानात जाऊन बसलेही होते. मी दारात उभा राहिलो आणि जे होतं ते सरळ सांगितलं. ऊन फार आहे, पट्टी अपुरी पडते, दोघांना उतरावं लागेल आणि दोघे अंगानं दणकट हवेत.

संचालक खिडकीबाहेर बघायला लागले. आबासाहेबांचा चेहरा तांबडा झाला.

"म्हंजी मी?"

"हो, आबासाहेब."

बाहेर गर्दीत कुजबुज सुरू झाली. आता हा माणूस काय बोलतो याची मी वाट बघत होतो. बोलल्या त्या गयाबाई. पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घट्ट धरून बसलेल्या.

"अवो, तुमी उतरा की."

"गप ऱ्हा तू."

"का गप ऱ्हाऊ? तुमी महिन्यातनं दोनदा मुंबईला जाता. मला यष्टी लागती. घाट आला की पोटात पानी ठरत न्हाई. डाक्टरनं सुमीला बाळंतपनाला हिकडं येऊ दिलं न्हाई, आन् मला तिकडं जाता येईना. नात सव्वा महिन्याची झाली, अजून म्या तोंड बघितलं न्हाई तिचं. मी न्हाई उतरायची."

"समद्या गावाम्होरं उतरवतीस व्हय मला?"

"गावाम्होरं चढलात, गावाम्होरंच उतरा."

बाहेर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आबासाहेब बायकोकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"साहेब, हिला येकलीला नीट न्याल?"

"माझ्या मागच्याच सीटवर बसवतो."

"मंग ऱ्हायलं." ते उठले. पायऱ्या उतरताना त्यांनी गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला. "ह्ये बी काढा. वजन धरलं असंल तुमी ह्याचं."

गर्दी खो खो हसली आणि त्या हसण्यात आबासाहेबही सामील झाले. माझ्या पाठीवरचा घाम तेव्हा कुठे गार लागला. चेअरमन उतरल्यावर मालकाला बसून राहणं शक्यच नव्हतं. फिरोजशेठ उतरले, माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि आबासाहेबांच्या जीपमध्ये जाऊन बसले. दोघे रस्त्यानं मुंबईला निघणार होते.

मी विमान पट्टीच्या अगदी मागच्या टोकाला नेलं. ब्रेक दाबून दोन्ही इंजिनं पूर्ण चढवली आणि मग सोडलं. विमान धावत राहिलं. मुंबईत ज्या जागी चाकं उचलतात ती जागा गेली. अजून विमानाच्या अंगात जोर येईना. बांध मोठा होत होता. मग कंट्रोलचा दांडा मागे ओढताना हाताला ओळखीचा हलकेपणा लागला आणि आम्ही उचललो. बाभळी खालून गेल्या. पुरेशा खालून, पण आणखी दोन दणकट माणसं असती तर काय झालं असतं ते कळण्याइतक्या जवळून.

थोडं वर गेल्यावर मागून आवाज आला. "ही आपली मुळा का वो?"

"हो, वहिनी. आणि तो धरणाचा बांध."

"येवढीशी?"

पुढे त्या खिडकीतून खालचं बघत राहिल्या. कोकणातली हिरवी झाडी खाली दिसायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "घाट कवा यायचा?"

"मागे पडला."

"पोटात तर कायबी झालं न्हाई!" आणि त्यांनी डबा उघडून सगळ्यांना एकेक लाडू दिला. व्यापाऱ्यांनी दोन-दोन घेतले. जुहूला जावई टॅक्सी घेऊन उभे होते. गयाबाईंनी उतरताना विमानाच्या पायरीला हात लावून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळूनही न बघता तुरुतुरु चालत गेल्या. नातीपुढे पायलट कोण लागतो?

दोन दिवसांनी फिरोजशेठनी मला ऑफिसात बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच मी गेलो. आत शेठ आणि आबासाहेब समोरासमोर बसून चहा पीत होते. जीपचा टायर वाटेत फुटला होता, स्टेपनीही बसकी निघाली होती. रस्त्याच्या कडेला दोघांना गप्पा मारण्याखेरीज काही काम नव्हतं.

"बस, साठे," शेठ म्हणाले. "आबासाहेब, मला बोलले ते याला बोला."

आबासाहेब पुढे सरकले. "मी शेठना इचारलं, तुमचं इमान सकाळी मुंबईहून का निघतं? आमी दुपारी निघनार, सांजच्याला मुंबईत. सचिवालय बंद, दुकानं बंद. मुक्काम करा, दुसऱ्या दिशी काम करा. परतीचं इमान सकाळीच उडालेलं, म्हंजी आनखी येक मुक्काम. मंग यष्टी काय वाईट हाय? उलटं करा की. सकाळी आमाला न्या, सांजच्याला आना."

"आणि भाविक?" मी शेठना विचारलं.

"ते आपल्या मोटारीनं जातात. मी चौकशी केली." हे शेठनी आधी करायला हवं होतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. "साठे, उलटं केलं तर तुझ्या त्या गरम हवेचं काय होईल?"

मी तिथेच कागद घेतला. विमान रात्री औरंगाबादला ठेवायचं. उजाडताच निघून राहुरीला यायचं तेव्हा हवा गार, पूर्ण भरून उडता येतं. संध्याकाळी मुंबईहून येताना राहुरीला माणसं उतरतात, औरंगाबाद जवळ म्हणून पेट्रोलही थोडंच लागतं. विमान हलकं, ऊनही कललेलं. एकालाही खाली ठेवायची गरज नव्हती. मी तीनदा तपासलं, कारण एवढं सोपं उत्तर आपल्याला कसं सुचलं नाही हे मला पटत नव्हतं.

तशी फेरी सुरू झाली. प्राध्यापक आले, इंजिनिअर आले, बागायतदार आले. गयाबाई दर दोन महिन्यांनी नातीकडे जायच्या आणि विमानातल्या अनोळखी माणसांना खिडकीतून काय काय दिसतं ते समजावून सांगायच्या. आबासाहेबांनी त्या माळावर ऊस लावला नाही. मला मात्र बिऱ्हाड औरंगाबादला हलवावं लागलं. बायको महिनाभर कुरकुरली, मग तिथल्या थंडीच्या आणि स्वस्त भाजीच्या प्रेमात पडली. पुढे तेलाच्या किमती भडकल्या आणि आमच्या तिकिटाचा मेळ बसेना. फेरी बंद झाली. पण जितकी चालली तितकी भरून चालली.

नंतर मी बऱ्याच कंपन्यांत काम केलं. नवा रूट निघाला की साहेब लोक नकाशावर पट्टी ठेवून अंतरं मोजत बसायचे. मी एवढंच विचारायचो, विमान रात्री मुक्कामाला कुठे असणार? ते जिथे झोपतं, तिथल्या लोकांच्या सोयीचं असतं. बाकीच्यांनी तिकीट कितीही स्वस्त असलं तरी जीपची सोय बघून ठेवावी.