खालचा झरोका

माझी धाकटी जाऊ सव्वीस वर्षं कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे. दवाखान्याच्या चादरी तिथे धुतात, आणि हिचं काम वाळवायच्या खोलीत. छताला दोऱ्या, जमिनीलगत गरम नळ्या, आणि मध्ये ही काटकुळी. सुटी झाली की आधी माझ्या पायरीवर येऊन टेकते. चपला काढायचंही त्राण नसतं. मी म्हणते, "आत ये गं, पायरी झिजेल."

"झिजू दे जाऊबाई. मी एकटीनेच का झिजायचं?"

यंदा थंडी पडली तशा चादरी ओल्याच राहायला लागल्या. मुकादमाने सांगून टाकलं, "बाई, हात चालत नाहीत आता तुमचे. शनिवारपर्यंत चादरी वेळेत वाळल्या नाहीत तर घरी बसा." घरी बसणं हिला कुठलं परवडायला? दीर अंथरुणाला खिळलेले, चूल हिच्याच जिवावर पेटते.

बुधवारी ती माझ्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. नात भूगोलाचा धडा मोठ्याने वाचत होती. मला अक्षरओळख जेमतेम, पण ऐकायला काही शाळा लागत नाही. पृथ्वीच्या कमरेपाशी म्हणे ऊन जास्त. तिथली हवा तापते, हलकी होऊन वर चढते, आणि वरच्या वर दोन्ही बाजूंच्या थंड मुलखांकडे निघते.

"टोकापर्यंत पोचते?" जावेने डोळे मिटूनच विचारलं.

"नाही गं, धाकटी आजी. वाटेतच गार होऊन खाली उतरते. मग जमिनीलगत परत कमरेकडे."

"अर्ध्या वाटेत बसली. माझीच बहीण."

नात हसली. "वर गेलेल्या हवेची जागा घ्यायला खालून दुसरी येते ना, म्हणून हे चालतं."

जावेने डोळे उघडले. "आणि खालून येऊच दिली नाही तर?"

नातीने पानं उलटली. "तसं यात नाही."

"आमच्याकडे आहे."

थंडी वाजते म्हणून बायकांनी भिंतीच्या तळाचे झरोके पोत्यांनी बुजवले होते. पहिलं पोतं हिनेच कोंबलेलं, ऊब राहावी म्हणून. आत यायला हवाच नाही, तर छताजवळचा वाफ बाहेर फेकणारा पंखा बिचारा ओढून ओढून काय ओढणार? वाफ चादरींतच घुटमळत होती.

गुरुवारी सकाळी हिने पोती काढली. बायका करवादल्या, पाय गारठतात म्हणाल्या. मुकादम म्हणाला, "ऊब बाहेर घालवताय? नळ्या फुकट तापतात का?"

"संध्याकाळपर्यंत थांबा. नाही वाळल्या तर शनिवार कशाला, आजच जाते."

चार वाजता चादरी पापडासारख्या कडक. मुकादमाने दोन बोटांनी चाचपल्या. "मी म्हणतच होतो, हवा खेळती पाहिजे."

परवा ती पायरीवर येऊन बसली. मी म्हटलं, "सुटलीस गं बाई."

"सुटते कुठली. लवकर वाळतात म्हणून आता रोज दोन ढकलगाड्या जास्त पाठवतात."

चपला मीच काढल्या तिच्या. दिवसभर त्या झरोक्यापुढे उभी असते, तळवे गारठून दगड झाले होते. पदरात धरून चोळत बसले. ती तिथेच, बसल्या बसल्या झोपली.