कुरड्यांच्या खोक्याचं माप

माझ्या निरोपसमारंभात एका अधिकाऱ्यानं मला काटेकोर माणूस म्हटलं. शाल घेताना मी मान खाली घातली, ती लोकांना नम्रता वाटली. काटेकोरपणाबद्दलचं ते बोलणं खोटं होतं, आणि त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं. खरं ज्याला माहीत होतं, तो दुसरा माणूस तिथं यायला उरलाच नव्हता. त्याला मी आधीच खात्यातून घालवला होता.

मी टपाल खात्यात खिडकीवर नोकरी केली. शेवटची वर्षं कारंजा लाडच्या वाटेवरच्या एका पोस्टात गेली. गावाचं नाव लिहीत नाही, चूक गावाची नव्हती. पार्सलची खिडकी माझ्याकडे होती. आसपासच्या खेड्यांतल्या शाखा सांभाळणारे डाकसेवक दुपारी आपापल्या गावचं टपाल मोटरसायकलवर घेऊन यायचे. त्यांतला एक मला मुळीच आवडत नसे. उद्धट नव्हता, कामात चुकारही नव्हता. पण तो विचारायचा.

त्याच्या गावात मळा करणारी एक बाई होती. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, बाजारात नेऊन विकायची. लेक सुरतेला दिलेली. लेकीला ती कुरड्या पाठवायची. कुरडई जरा दाबली की भुगा होतो, म्हणून किराणा दुकानातून बिस्किटांचं मोठं खोकं मागून आणायची, आत जुनी लुगडी कोंबायची आणि वरून पांढरं कापड शिवायची. खोकं दिसायला एवढं मोठं, उचललं तर काहीच नाही. भाजीच्या तराजूवर ते तोलून ती डाकसेवकाच्या हाती द्यायची, सोबत पैसे. तिचा सगळा विश्वास त्या तराजूवर. आयुष्यभर तिनं वजनावरच भाव सांगितला होता.

आता आमचा भाव कसा निघायचा ते सांगतो. पार्सल नुसतं तोलायचं नसतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची टेपनं मोजून संगणकात घालायची. त्यातून एक कागदी वजन निघतं. ते खऱ्या वजनापेक्षा जास्त असलं तर त्याचे पैसे लावायचे. कापूस असो की कुरड्या, हलक्या मालाला जागेचे पैसे. नियम ठीकच आहे, गाडीत जागा अडतेच. पण मी प्रत्येक खोकं मोजत नसे. गर्दी असली की काट्यावर टाकायचं, आकडे काहीतरी लहानसे भरायचे आणि मोकळं व्हायचं. खिडकी रिकामी असली, तपासणीची कुणकुण असली, किंवा सकाळी घरून भांडून आलो असलो, की टेप बाहेर निघायचा. त्यामुळे त्याच मापाचं खोकं कधी एका भावानं सुरतेला जायचं, कधी जवळपास दुपटीनं.

डाकसेवक विचारायचा. "साहेब, मागच्या खेपेले कमी लागले होते. खोकं तेच हाय. मी मावशीले काय सांगू?"

मी सांगायचो, दर मी ठरवतो काय रे, पुढं सरक. मागच्या लोकांना हसू यायचं, ते मला बरं वाटायचं. एकदा त्यानं हळूच म्हटलं, की टेप रोज लावला तर भाव रोज सारखा येईल. दीडदमडीचा माणूस मला माझं काम शिकवतो, असं मला वाटलं. त्या दिवसापासून त्याच्या गावचं खोकं आलं की मी टेप मुद्दाम काढायचो, आणि तो काही न बोलता उभा राहिला तरच काढायचो नाही. ही खोडी मी नियमाच्या नावाखाली काढली. आज ती लिहिताना तिला दुसरं नाव सापडत नाही.

पावती तो नेऊन द्यायचा. बाईला वाचता येत नव्हतं. कागद सरकारी आहे म्हणून ती तो चुलीवरच्या फळीवर हळदीच्या डब्याखाली ठेवायची. आमच्या यंत्राच्या कागदावरची अक्षरं उष्णतेनं उडतात. उन्हाळा सरता सरता त्या सगळ्या पावत्या कोऱ्या झाल्या. सुट्टीत लेक आली, तिनं पावत्या मागितल्या, आणि घरात एकच बोलणं सुरू झालं. हा डाकसेवक आपल्याला कोरे कागद देऊन पैसे घेतो.

एका दुपारी बाई आली. सोबत गावातली चार माणसं, आणि मधे तो डाकसेवक. तिनं ते कोरे कागद माझ्या खिडकीत ठेवले.

"मास्तर, मी माल तोलून देते. तेच खोकं, तेच वजन. कधी कमी, कधी जास्त. तुमचा भाव रोज बदलते काय?"

मागून कुणीतरी म्हटलं, "कांदे हायत का ते, रोज भाव बदलाले?"

मी म्हटलं, "दर ठरलेला असतो. मशीन काढते."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि हे बोलताना मला ते माहीत होतं. डाकसेवकानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मी विसरलो.

"साहेब, त्याइले टेपाचं सांगा ना."

"कोणता टेप?" मी म्हटलं.

टेप माझ्या गुडघ्याजवळच्या खणात होता. खण अर्धा उघडा होता. डाकसेवक खिडकीच्या पलीकडे होता, त्याला तो दिसणं शक्य नव्हतं. कोऱ्या कागदाचं कारणही मी सांगितलं नाही. तेवढं एक वाक्य बोललो असतो तरी त्याचं अर्धं ओझं उतरलं असतं.

का नाही बोललो? निवृत्ती तोंडावर होती. न मोजता पाठवलेल्या पार्सलांची चौकशी निघाली असती, वसुली लागली असती, पेन्शन अडकली असती. बायकोला मी हेच सांगितलं आणि तिनं मानलं. पण ते सगळं नंतर सुचलेलं आहे. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं, की घे, आता विचार म्हणावं.

त्याच्यावर कुणी तक्रार केली नाही. खात्यानं त्याला काढलं नाही. गावानं त्याच्या हातात पैसे द्यायचे बंद केले, तेवढं पुरलं. बायकांची दरमहा भरायची खाती बंद पडली. त्याच्या शाखेचं काम घटलं म्हणून वरून कागद आले, ते कागद माझ्याच हातून त्याच्याकडे गेले. बाईचं घर त्याच्या घरासमोरच. त्याची बायको दरवर्षी तिच्याकडे कुरड्या घालायला जायची, ते थांबलं. एकमेकांच्या घरचं पाणी पिणंही थांबलं. तो राजीनामा द्यायला आला तेव्हा मी खिडकीवर होतो. त्यानं कागद ठेवला, मी शिक्का मारला.

यंदा मी लेकीला नागपूरला हळद पाठवली. काही दिवसांनी तसंच खोकं, तेवढीच हळद पुन्हा पाठवायला नेली, तर भाव वेगळा. मी खिडकीवर आवाज चढवला. मी कोण होतो तेही सांगितलं. चहाच्या टपरीवर आम्ही पेन्शनर रोज हेच बोलतो, की पोस्टाचं आता काय होणार. रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, भिंतीवर नव्या सेवांचे रंगीत फलक लागले, कुरियरची पोरं गल्लीगल्लीत फिरतात. कुणी मोबाइलला शिव्या देतो, कुणी सरकारला. त्या शिव्यांत मीही असतो. खिडकीवरची मुलगी मात्र चिडली नाही.

"काका, टेप तुटला आहे. अंदाजानं आकडे टाकते. त्या दिवशी वेगळा अंदाज आला असेल."

मी तिच्याकडे बघत राहिलो. एवढंच होतं ते. किती सोपं होतं. माझ्या तोंडून जे निघालं नाही, ते तिनं पावती फाडता फाडता सांगून टाकलं. मी खोकं तिथंच ठेवून बाहेर आलो आणि त्या डाकसेवकाच्या गावची एसटी पकडली.

बाई मळ्यात हौदावर मेथीच्या जुड्या धूत होती. म्हातारी झाली आहे. मी उभ्यानंच सांगितलं, टेप, अक्षरं उडालेले कागद, अर्धा उघडा खण, सगळं. तिनं हात थांबवले नाहीत. शेवटची जुडी धुऊन झाल्यावर म्हणाली, "मंग मी त्याच्या घरचं पाणी आजलोग सोडलं, ते कायले?"

ती उठली, पदराला हात पुसले. "मले सांगून काय होते? चाला. त्याच्या तोंडावर सांगा."

तो आता घरातल्या पुढच्या खोलीत एका कुरियरचं काम करतो. टेबलाच्या कडेला मोजपट्टी खिळ्यांनी ठोकली आहे. खोकं ठेवलं की माप सगळ्यांना दिसतं, भाव आधी सांगितला जातो. चार-पाच माणसं रांगेत होती, मी त्यांच्या मागे उभा राहिलो. माझ्यामागे बाई. माझी पाळी आली तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं. मधे अडकलो तर बाईनं मागून खेकसून पुढचं वदवून घेतलं. "टेपाचं सांगा. कोठं होता ते सांगा." रांगेतला एक जण मला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्याचं चुकलं नाही.

तो एका खोक्यावर पत्ता चिकटवत होता. चिकटवून झाल्यावर त्यानं वर पाहिलं.

"झालं सांगून?"

"हो."

"पार्सल हाय काय तुमचं?"

"नाही."

"मंग लाइन मोकळी करा."

मी बाजूला झालो. बाईकडेही पार्सल नव्हतं, हात रिकामेच होते तिचे. तिला त्यानं सरकायला सांगितलं नाही. मी दारात चपला शोधत होतो, तेव्हा त्यानं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, पाणी आणा म्हणून.

ते माझ्यासाठी नव्हतं. मी चपला घातल्या आणि फाट्याकडे निघालो.