कारखान्यातून आलं तसं

ईश्वर नाना नारखेडे रविवारी दुपारी मध्येच थांबतात, असं त्यांच्या मुलीचं, सोनलचं, मत होतं. थांबतात म्हणजे शब्दशः. भुसावळातून नाना कॉम्प्युटरवर बोलत असायचे, धुळ्यात सोनल फोनवर बघत असायची, आणि एकाएकी नानांचं तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत. वीज गेल्यावर गणपतीपुढचा हलता देखावा राहतो ना, तसे. मग काही वेळाने नाना पुन्हा सुरू व्हायचे आणि मधल्या काळातलं सगळं बोलणं एकदम अंगावर यायचं.

नानांच्या बाजूने पाहिलं तर सोनलच थांबायची. बाण हलत नसे, कळ दाबली तर काही होत नसे, मशीनमधला लाल दिवा मात्र एकटक पेटलेला. नाना वाट बघत. आणि खरं सांगायचं तर त्यांना तो वेळ आवडायचा. लहानपणापासून ही पोर एका जागी स्थिर म्हणून बसली नव्हती. आता तिचा चेहरा निवांत बघायला मिळत होता. खिडकीतून ऊन फरशीवर उतरलेलं, डोक्यावर पंख्याची घरघर, लांब कुठेतरी मालगाडीची शिट्टी. अशा वेळी आपण बघतोय की झोपलोय, हे नानांनाही नक्की सांगता आलं नसतं. अडचण तीच होती.

"नाना, तुम्ही बोलता बोलता झोपता," सोनल म्हणाली.

"मी नाही झोपत. मशीन थांबतं."

"मशीन कशाला थांबेल? नेट तर फुल्ल आहे. उद्या गॅसवर दूध ठेवून असेच थांबलात तर? एकटं माणूस घरात." ती शाळेत शिकवायची, त्यामुळे प्रश्न विचारून झाला की उत्तरही तीच द्यायची. "मी पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येते. कॉट, कपाट घेऊ. बाकीचं नंतर बघू."

धुळ्याबद्दल नानांचं मत वाईट नव्हतं. पाहुणा म्हणून ते गाव उत्तम होतं. पण सगळी नोकरी दीपनगरच्या कॉलनीत काढल्यावर त्यांनी हा प्लॉट घेतला तो गच्चीवरून तिथल्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात म्हणून. सकाळी चहाचा कप घेऊन ते गच्चीवर जात, धुराकडे बघत आणि कुठला संच चालू आहे ते स्वतःलाच सांगत. कोणी विचारत नसे. धुळ्यात सोनलच्या फ्लॅटमधून समोरच्यांचा फ्लॅट दिसायचा.

नानांनी स्टेशन रोडवरून हितेंद्रला बोलावलं. कॉम्प्युटर त्याच्याच दुकानात जोडलेला होता. हितेंद्रने मशीन पुन्हा चालू केलं, सुरुवातीलाच एक कळ दाबून निळ्या पडद्यात शिरला आणि बराच वेळ इकडे तिकडे फिरला.

"सापडलं, नाना. तुमची डिस्क डुलकी घेते."

"कोण?"

"डिस्क. ती आणि बाकीचं मशीन यांच्यामध्ये एक कंट्रोलर असतो. मुकादम समजा. काम नसलं की तो डिस्कला म्हणतो, पड जरा, वीज वाचेल. कारखान्यातूनच तशी सेटिंग करून येते. आता ही तुमची डिस्क स्वस्तातली. लवकर झोपते, उठायला कुरकुर करते. तोवर बाकी सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसतात."

"किती वीज वाचते?"

"झिरोच्या बल्बच्याही खाली."

नानांना हे लागलं. अख्ख्या महाराष्ट्राला दिवे पुरवून घरी आलेल्या माणसाच्या टेबलावर कोणीतरी चिमूटभर वीज वाचवत होतं आणि त्यापायी त्यांना धुळ्याला जावं लागणार होतं. हितेंद्रने डुलकी बंद करून टाकली. पुढचे काही दिवस मशीन टक्क जागं होतं. नानांनी सोनलला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "रविवारी बघू."

रविवारी सगळं पुन्हा थांबलं. नाना म्हणे बोट वर करून "बघ, आता अजिबात..." एवढं म्हणाले आणि तसेच राहिले. सोनलने टेम्पो एका आठवड्याने पुढे ढकलला, तोही तिच्या शाळेत परीक्षा होत्या म्हणून.

हितेंद्र पुन्हा आला, पण निळ्या पडद्याकडे गेला नाही. ते काम त्याने केलेलंच होतं. त्याने केबल बदलली, मेमरीची पट्टी काढून खोडरबरने पुसली, फुंकर मारली. निघताना चपला घालता घालता जपून म्हणाला, "नाना, झोप नीट होते ना रात्री?" तेव्हा मात्र नाना पलंगावर बसून राहिले. मशीन बरं आहे असं मशीनवाला म्हणतो, मुलगी म्हणते तुम्ही झोपता. मग झोपत असू. त्यांनी कपाटातले स्वेटर एका पिशवीत भरायला घेतले.

टेम्पोच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सोनगीरहून हारुन आला. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये दोघे एकाच शिफ्टला असत. निवृत्त झाल्यावर हारुन गावी जाऊन भावाच्या तांब्या-पितळेच्या दुकानात बसू लागला होता. निरोपाची भेट म्हणून त्याने एक तांब्या आणला होता. तांब्या स्टुलावर ठेवून, नानांकडून मशीनची आणि हितेंद्रची हकिगत ऐकत तो चहाची वाट बघत बसला.

नाना म्हणाले, "थांब, शनिवारचं एवढं उरकतो." त्यांनी मशीन बंद करून चालू केलं, कळ दाबली, निळा पडदा आला. पडद्यावरच्या यादीत खाली जाऊन एका ओळीवर थांबले, हो म्हटलं, पडदा मिटला.

"हाई काय करी ऱ्हायना?" हारुनने विचारलं.

"काही नाही. नॉर्मल करू राह्यलो. कारखान्यातून आलं तसं."

"दर शनवारले?"

"मग? रविवारला चार्ज द्यायचा ना."

हारुनला हे समजावून सांगावं लागलं नाही. शिफ्ट संपताना आपण फिरवलेलं सगळं मूळ जागी आणायचं आणि मगच पुढच्याच्या हाती चार्ज द्यायचा, ही दोघांची उभ्या जन्माची सवय. मशीन नवं आलं तेव्हा दुकानातल्याने दाखवलं होतं, काही गडबड झाली तर ही ओळ दाबा. नाना गडबड होण्याची वाट बघणारे नव्हते. आणि हे कोणाला सांगायचं तरी कशाला? जेवणाआधी हात धुतो हे कोणी सांगत फिरतं का?

"त्या पोऱ्याने जे काही बदललं व्हतं ते कुठे राहत व्हतं?" हारुनने विचारलं.

"यातच."

हारुनने तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ईश्वर, आपल्या त्या पंख्याचा अलार्म आठवतो? बाहेरदेशी बनेल. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपली दिवाळी. मे महिन्यात दिवसभर बोंबले. मग किती गरमीला वाजायचं तो आकडा साहेबाच्या सहीने वर नेला. त्यावर 'मूळ जागी आणू नये' अशी लाल चिठ्ठी कोणी लावली?"

"मी," नाना म्हणाले.

"तू शनवारले पोऱ्याचं बठ्ठं काम पुसी टाकस आणि तो केबल बदलस."

नानांनी हितेंद्रला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाना, मी तुमच्या घरात मेमरीची पट्टी पुसली. खोडरबरने." एवढं दुःख व्यक्त केल्यावर त्याने कुठे जायचं, काय बंद करायचं ते सांगितलं, नानांनी केलं, हारुनने लाल स्केचपेनने चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली. स्वेटरची पिशवी मात्र नानांनी भरलेलीच ठेवली.

रविवारी जेवणानंतर फोन लागला. मुक्कामाला राहिलेला हारुन शेजारीच बसला होता. सोनल टेम्पोवाल्याची वाट बघत होती. नानांनी पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. काहीच थांबलं नाही. सोनल हलत होती, तिच्या मागचा पडदा हलत होता, नानांचं वाक्यामागून वाक्य तिकडे पोचत होतं. वरण-भात झालेला. पंखा एका लयीत. नानांना वाटलं, ही घरघर आपल्या ओळखीची आहे. वीज केंद्राच्या मोठ्या हॉलमध्ये, कंट्रोल रूमच्या काचेपलीकडे, रात्रभर एकसारखी. "तर तो मुकादम त्या डिस्कला म्हणतो..." एवढं त्यांनी म्हटलं, आणि पुढचं वाक्य काचेपलीकडे गेलं.

लांबून आवाज येत होते.

"चाचा, बघा. थांबले."

"थांबला नाही. झोपेल शे. मागे कॅलेंडर हलस ना?"

"मग उठवा त्यांना. गॅसवर काही आहे का?"

"दूध शे. चहाचं."

"अहो चाचा, मग बंद करा ना."

"बस. बघ जरा."

नाना त्या हॉलमध्ये होते. सगळं एका सुरात चाललं होतं आणि तो सूर होता तोवर कशाचीच काळजी नव्हती. मग एका कोपऱ्यात तो सूर बारीकसा बदलला, जाड झाला. नाना उठले. स्वयंपाकघरात गेले, वर येणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद केला, पातेल्यावर जाळी ठेवली, परत येऊन बसले. डोळे कधी उघडले हे त्यांना कळलं नाही.

"...पड जरा, वीज वाचेल," ते म्हणाले.

नानांनी चिठ्ठीकडे पाहिलं, बाणाकडे पाहिलं. बाण हलत होता. मग सोनलचा आवाज आला, पण तो त्यांना उद्देशून नव्हता; दुसऱ्या फोनवर ती कोणाला तरी गाडी नको म्हणून सांगत होती. त्यानंतर ती फोन समोर तसाच ठेवून पेपर तपासायला बसली. हारुनने चहा गाळला. नानांनी खुर्चीतच मान मागे टाकली. फोन कोणी बंद करायचा हे ठरलं नव्हतं, म्हणून तो चालूच राहिला, आणि धुळ्याच्या पंख्याखाली पेपर उलटल्याचा आवाज भुसावळात संध्याकाळपर्यंत येत राहिला.