बापांचा पेपर

त्या उन्हाळ्यात मी सिल्वासात एका संस्थेच्या पालकवर्गांत इंटर्नशिप करत होते. वय एकोणीस, आणि मुलं कशी वाढवावीत हे मी सांगणार! जवळच्या सायली गावच्या कामगार वस्तीतल्या अंगणवाडीत सतरंज्या घालायच्या, हजेरी घ्यायची आणि मुलांशी कसं बोलावं, कसं खेळावं ते समजावायचं.

पण वर्गाला यायच्या त्या फक्त आया. बाप लोक "ड्यूटी आहे" म्हणायचे आणि सुट्टीच्या दिवशीही टपरीवर चहा पीत दिसायचे.

"वर्ग म्हटलं की त्यांना ताप येतो," अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या. "तू मॅच म्हण."

मी लगेच फळ्यावर मराठी, हिंदी, गुजरातीत लिहिलं: रविवारी क्रिकेट. प्रवेश फक्त मुलासोबत.

रविवारी सकाळी बावीस बाप हजर! कुणी लेकराला खांद्यावर बसवून आणलेलं, कुणी शेजाऱ्याचं मूल उसनं आणलेलं. ते आम्ही दारातूनच परत पाठवलं.

"टॉस नाही," मी जाहीर केलं. "आपल्या मुलाबद्दलच्या तीन प्रश्नांची उत्तरं बरोबर देईल त्यालाच बॅट."

पहिले पुढे आले ते धुळ्याकडचे, प्लास्टिकच्या कंपनीत मशीन चालवणारे, झुपकेदार मिशांचे.

"तुमच्या मुलीची जवळची मैत्रीण कोण?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती चपलेनं माती उकरत होती.

"माले काय इचारता ताई? तिनी मायले इचारा ना!"

"आई बॅटिंग करणार आहे का?"

बाकीचे खो खो हसले. मग त्यांची पाळी आली आणि हसू आटलं. एकाला विचारलं, मुलगा कशाला घाबरतो? पोरानं बापाच्या कानात काहीतरी सांगितलं. बाप छाती फुगवून म्हणाला, "वाघाला!" पोरगं टाळ्या पिटत ओरडलं, "चूक! कुकरच्या शिट्टीला!" मग ती युक्ती सगळ्या पोरांनी उचलली.

अर्ध्या तासात एकाही बापाला बॅट मिळाली नाही. मग बॅटिंग मुलांनी केली आणि बापांनी उन्हात फिल्डिंग.

"फसवलंत तुम्ही," मिशीवाले जाताना म्हणाले. हसले नाहीत. एवढ्या लोकांना सगळ्यांसमोर उघडं पाडायला नको होतं, असं वाटत राहिलं. संस्थेच्या अहवालात मात्र मी लिहिलं: वडिलांचा सहभाग उत्साहपूर्ण.

पुढच्या रविवारी कुणी येणार नाही, असं धरूनच मी अंगणवाडी उघडली. तर अठरा जण आधीच ओट्यावर, आणि सगळे विचित्रपणे मुठी आवळून बसलेले. ताईंनी मला कोपरानं ढोसलं. बायकांना विचारून, तळहातावर पेनानं उत्तरं लिहून आणली होती!

मी कॉपी पकडली नाही. मिशीवाल्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांनी हळूच मूठ उघडली. घामानं शाई पार फिसकटली होती. त्यांनी हात पँटला पुसला आणि लेकीकडे बघत मैत्रिणीचं नाव सांगितलं. वर, ती मैत्रीण मागच्या चाळीत राहते आणि तिचा पुढचा दात कालच पडला, हेही.

लेकीनं मान डोलावली. उरलेले दोन प्रश्न न विचारताच मी बॅट त्यांच्या हातात दिली आणि ते पहिल्याच चेंडूवर बाद झाले.