ग्राइंडर परत केला

बाबांच्या जुन्या मारुतीच्या दारावरचा गंज हाताने घासायचा मला कंटाळा, म्हणून मोहाडीहून ग्राइंडर भाड्याने आणला. बाबांची सारी नोकरी जवाहरनगरला बारुदीच्या कारखान्यात गेली होती. तिथं फाटकाच्या आत काडीपेटीही नेता येत नसे. हे माहीत असून मी मूर्खासारखं बटण दाबलं. चकती पत्र्याला टेकली आणि अंगणभर ठिणग्या उडाल्या. काठीशिवाय न चालणारे बाबा धावत आले, मला खाली पाडून माझ्यावर आडवे झाले. त्यांचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं.

"टाकीत पेट्रोल हाये ना रे," ते पुटपुटले.

आता वॉटर पेपरचा खरखरीत कागद बादलीत बुडवून हातानेच घासतो. बाबा शेजारी खुर्चीत डुलक्या घेतात. कागद जरा कोरडा पडून पत्र्यावर खरखरला, की दचकतो तो मी.