चादरीचं दुसरं टोक

आमच्या शेजारचे भाऊजी रात्री स्वप्नं पाहतात आणि सकाळी चहा पिताना ती बायकोला सांगतात. मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे ती फुकटात मलाही ऐकायला मिळतात. मी मुद्दाम कान लावते असं वहिनींचं म्हणणं आहे. असेल. पण स्वप्नं असतातच अशी, की हातातली कणीक तशीच राहते.

भाऊजी एका मोठ्या लॉन्ड्रीत आहेत. इस्पितळाच्या चादरी तिथे धुतल्या जातात. वीस वर्षं मशीनवर काढल्यावर दोन वर्षांपूर्वी ते घडीखात्याचे मॅनेजर झाले. घडीखातं म्हणजे एक लांबट खोली, उंचावर काचेच्या खिडक्या आणि बारा बायका. एकदा ते चष्मा घरी विसरले आणि वहिनींचा गुडघा धरला होता, म्हणून चष्मा पोचवायला मी गेले. दारातच पाय थांबले. शेजारच्या खोलीतून वाफ झिरपत होती, तिच्यातून ऊन खाली उतरत होतं, आणि त्या पांढुरक्या उजेडात बायका जोडीजोडीने एकमेकींकडे चालत येत होत्या. टोकं भिडली की एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची आणि पुन्हा मागे सरकायचं. घाई कुणालाच नव्हती आणि थप्प्या मात्र वाढत होत्या. झोपेत चालल्यासारखं सगळं.

त्यातली एक जोडी मी कधी विसरणार नाही. एक बाई ताडमाड उंच, दुसरी माझ्या खांद्याला लागेल एवढी. खात्यात त्यांना शिडी आणि स्टूल म्हणत. अकरा वर्षं एकत्र घड्या घालत होत्या. टोकं भिडली की स्टूल एक वाक्य बोलायची, पुढच्या भेटीला शिडी त्याचं उत्तर द्यायची. सासूची एक तक्रार पुरी व्हायला चाळीस चादरी लागायच्या.

मी भाऊजींना म्हटलं, "तुमच्याकडे मॅनेजर लागतो कशाला हो? यांना सासवा पुरेशा आहेत."

"तुमचं आपलं काहीतरीच, शेजारीणबाई," ते म्हणाले, पण बोलणं लागलं असावं. त्यातच महिन्याभरात मालकांनी त्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, आणि परतले ते वेगळेच भाऊजी. बाथरूममधून आवाज यायला लागला, "मित्रहो! प्रत्येकात एक वाघ झोपलेला असतो!"

बाहेरून वहिनी म्हणायच्या, "वाघ उठला असेल तर दूध आणा म्हणावं."

मग आला फळा. प्रत्येकीला आपला आकडा दिसला की तिला हुरूप येतो, असं प्रशिक्षणातल्या टायवाल्या शिक्षकाने सांगितलं होतं म्हणे. बारा नावं, नावापुढे दिवसभराच्या चादरी आणि पहिलीच्या नावापुढे सोनेरी चांदणी. चांदण्यांचा चकचकीत कागद मी दिला होता, तेव्हा पापात माझाही वाटा आहेच.

चादरी वाढल्या. भाऊजी जिन्यात भेटले ते तरंगतच. "काय सांगू, कुणी एक शब्द बोलत नाही! कामात नुसत्या गढून गेल्यात."

बोलतील कशा? दोघींनी घातलेली घडी मोजायची कुणाच्या नावावर? दुसऱ्याच दिवशी शिडी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हनुवटीखाली चादर दाबून एकटीच घडी घालायला लागली. मग स्टूलनेही तेच केलं, तिची निम्मी चादर तर टेबलावरच लोळायची. आठवड्यात बाराही जणी बारा भिंती शोधत होत्या. चांदणी शिडीला मिळाली आणि स्टूलने तिच्याशी बोलणं टाकलं.

एकटीने घातलेल्या घडीची टोकं जुळत नाहीत. इस्पितळाच्या कपाटात थप्प्या कलंडायला लागल्या, चादरी जमिनीवर पडायला लागल्या, आणि पडलेली चादर रुग्णाला चालत नाही. दोन वेळा टोपल्या भरून माल परत आला. मालकांनी भाऊजींना बोलावून सांगितलं, "या शनिवारी एक जरी थप्पी परत आली, तर इस्पितळ काम दुसरीकडे देणार. मग खोली बंद, बाराही जणी घरी."

भाऊजींनी चांदण्या दोन केल्या. वाघ जोरात ओरडायला लागला. वहिनींनी दुधाचं सांगणंही सोडलं.

गुरुवारी सकाळी भिंतीपलीकडून स्वप्न आलं. "मी एक चादर धरून उभा आहे. एवढी मोठी, की दुसरं टोक धुक्यात गेलंय. मी ताणतो, पण तिकडून ताणच येत नाही. हाक मारतो, कोण आहे तिकडे?"

कप ठेवल्याचा आवाज आला. वहिनी म्हणाल्या, "कोण असणार? तुम्हीच तर सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलंत."

मी कणकेसकट भिंतीला चिकटले होते, हे कबूल.

पुढचं मला खुद्द स्टूलने सांगितलं. त्या दिवशी भाऊजी खात्यात आले ते भाषणाशिवाय. परत आलेल्या टोपलीतली एक चादर काढली आणि खोलीच्या मधोमध उभं राहून एकटेच घडी घालायला लागले. एक कडा हनुवटीखाली, एक काखेत, तिसरी सुटली ती दातात धरली. बायका चोरून बघत होत्या.

शेवटी स्टूलला राहवलं नाही. "साहेब, दात काढा तिच्यातून. रुग्ण म्हणेल, चादर चावून पाठवली."

"मग धरा की तिकडून," भाऊजी दातातल्या दातात म्हणाले.

तिने टोकं धरली. चार पावलं पुढे, टोकं भिडली. पुन्हा चादर ताणली तेव्हा भाऊजींनी आपली टोकं शेजारी उभ्या शिडीच्या हातात दिली आणि फळ्याकडे वळले. फडक्याने आधी आकडे पुसले, मग नावं. दोन्ही चांदण्या नखाने खरवडून काढल्या.

मागे दोघी चादर धरून नुसत्या उभ्या. मग शिडीने चादरीला झटका दिला आणि त्या एकमेकींकडे चालत आल्या. टोकं भिडली.

"तुझ्या सासूचं काय झालं मग?" शिडीने विचारलं.

"थांब. पुढच्या चादरीला सांगते."

परत आलेल्या सगळ्या टोपल्या त्यांनी उलगडून नव्याने घातल्या. शनिवारी इस्पितळाची गाडी आली तेव्हा भाऊजी फाटकातच उभे होते. गाडीतून उतरलेल्या टोपल्या रिकाम्या होत्या. तरी त्यांनी प्रत्येकीत कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला म्हणे.

रविवारी मी गच्चीवर डबल बेडची चादर एकटीच आवरत होते. भाऊजी आले आणि न विचारता दुसरं टोक धरलं. मऊ ऊन होतं, वारा चादरीत शिरत होता. आम्ही जवळ आलो तशी मी हळूच म्हटलं, "तळमजल्यावरच्या त्या नव्या भाडेकरूंचं कळलं का?"

"काय?" ते टोकं हातात धरून तिथेच थांबले.

"मागे व्हा, भाऊजी," मी म्हटलं. "अजून तीन चादरींच्या घड्या व्हायच्यात."